साबण, गाळणी आणि पुण्याची प्रयोगशाळा

पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजेच ‘एनसीएल’ हे पुण्याच्या विज्ञानविश्वातील एक मानाचे स्थान. के. व्यंकटरामन, बा. द. टिळक, एल. के. दोराईस्वामी, रघुनाथ माशेलकर अशा संचालकांची नावे सुशिक्षित पुणेकराला सहज आठवतात. परंतु या मालिकेच्या अगदी आरंभी असलेले नाव आज फारसे कोणाच्या ओठांवर नसते. कॅनडात जन्मलेले, जर्मनीत शिकलेले, इंग्लंडमध्ये कीर्ती मिळवलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले जेम्स विल्यम मॅकबेन हे या प्रयोगशाळेचे पहिले संचालक होत. रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यांचे स्थान पक्के आहे. आपल्या शहराशी मात्र त्यांचा संबंध जेमतेम दोन-अडीच वर्षांचा.

मॅकबेन यांचे स्मरण करण्यास आज एक नवे निमित्त आहे. कोरोनाच्या साथीत घरोघर पोचलेली, बोटाएवढ्या लांबीची चाचणीपट्टी सर्वांच्या परिचयाची झाली. मलेरिया, डेंगी, गर्भधारणा यांचे निदान करणाऱ्या तशाच पट्ट्या त्याआधीपासून दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत होत्या. दोन थेंब टाकायचे, पंधरा मिनिटे थांबायचे आणि रेघ उमटते का ते पाहायचे, एवढाच त्याचा दृश्य भाग. त्या दोन थेंबांचे पट्टीच्या पोटात जे होते, त्यावर निदानाचा खरेखोटेपणा ठरतो. रुग्णाच्या रक्तातील किंवा नाकातील स्रावातील नको ते गाळून टाकणे, हवे ते मोकळे करणे आणि मोकळे झालेले नेमक्या जागी धरून ठेवणे अशी तीन कामे तिथे व्हावी लागतात. गाळण्याला पटल लागते, मोकळे करण्याला साबणाच्या जातीचे द्रव्य लागते आणि धरून ठेवण्याला एखाद्या पृष्ठभागाची चिकटवून घेण्याची शक्ती लागते. या तिन्ही गोष्टींचा पायाभूत अभ्यास मॅकबेन यांनी आयुष्यभर केला. चाचणीपट्टी त्यांनी बनवली नाही, पाहिलीही नाही. पण तिच्यातील रसायन त्यांच्या ओळखीचे होते.

मॅकबेन यांचा जन्म २२ मार्च १८८२ रोजी कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील चॅटम या गावी झाला. टोरांटो विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर ते त्या काळातील होतकरू रसायनशास्त्रज्ञांप्रमाणे जर्मनीस गेले. भौतिक रसायन हे शास्त्र तेव्हा तरुण होते आणि त्याचे माहेरघर जर्मनी होते. हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना १९०९ मध्ये मिळाली. तत्पूर्वीच, म्हणजे १९०६ मध्ये, इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांनी अध्यापनास प्रारंभ केला होता. पुढची वीस वर्षे हेच शहर त्यांची कर्मभूमी ठरले.

ब्रिस्टलमधील त्यांचे पहिले गाजलेले काम कोळशाविषयीचे आहे. कोळसा वायू पकडून ठेवतो, हे जुनेच ज्ञान होते. हा वायू कोळशाच्या पृष्ठभागावर चिकटतो की आत झिरपतो, हा प्रश्न होता. हायड्रोजन आणि कोळसा यांच्यावर प्रयोग करून मॅकबेन यांनी दाखवले, की दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात. एक झटपट, दुसरी सावकाश. दोन्हींना मिळून एक नाव हवे म्हणून १९०९ मध्ये त्यांनी ‘सॉर्प्शन’ हा शब्द रूढ केला. आज तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. नाव देणे हे वरवर किरकोळ काम वाटते. परंतु जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, तिला आधी वेगळे ओळखावे लागते, तेव्हाच तिला नाव देता येते.

यानंतर त्यांनी हाती घेतलेला विषय कोणत्याही स्वयंपाकघरातील मोरीपाशी सापडेल असा होता. तो विषय म्हणजे साबण. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभारित कण होतात आणि ते पाणी वीज वाहून नेते. साबण हाही एक प्रकारचा क्षारच. परंतु साबणाच्या पाण्याचे गणित जुळत नव्हते. त्यातील कण पाण्यात सुटे सुटे विरघळले आहेत असे धरले, तर त्या द्रावणाचे काही गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी भरत. ते एकत्र येऊन मोठे गोळे झाले आहेत असे धरले, तर त्याने वीज इतकी चांगली वाहून न्यायला नको होती. मॅकबेन यांनी १९१३ मध्ये यावर एक धाडसी उत्तर सुचवले. साबणाचे अनेक रेणू एकत्र येऊन पुंजके बनवतात आणि तो संपूर्ण पुंजकाच विद्युतभारित कणासारखा वागतो, असे ते उत्तर. या पुंजक्याला पुढे ‘मिसेल’ हे नाव मिळाले. पाण्याची आवड असलेली टोके बाहेर आणि तेलाची आवड असलेल्या शेपट्या आत, असा हा पुंजका असतो. त्याच्या पोटात तेलाचा कण जाऊन बसतो, म्हणून कपडा स्वच्छ होतो.

त्या वेळच्या थोरांना ही कल्पना रुचली नाही. रसायनशास्त्रज्ञांमध्ये एक आख्यायिका सांगितली जाते, की लंडनमधील एका विद्वत्सभेत मॅकबेन यांनी आपला सिद्धान्त मांडताच अध्यक्षस्थानी असलेल्या नामवंत शास्त्रज्ञाने तो एका शब्दात मूर्खपणाचा ठरवून निकालात काढला. आख्यायिकेचा तपशील काहीही असो, विरोध झाला हे खरे. मॅकबेन यांनी त्याला शब्दांनी उत्तर दिले नाही. ते आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षे साबणाच्या द्रावणांची मोजमापे घेत राहिले. वीजवहन, गोठणबिंदू, बाष्पदाब अशा निरनिराळ्या वाटांनी जाऊन उत्तर तेच येते का, हे त्यांनी तपासले. या कामात ब्रिस्टलमधील अनेक स्त्री संशोधकांचा मोठा वाटा होता. मिलिसेंट टेलर आणि मेरी लेंग ही त्यांतील दोन नावे. मेरी लेंग पुढे मॅकबेन यांच्या पत्नी झाल्या आणि अखेरपर्यंत संशोधनातील सहकारीही राहिल्या.

गाळणीने मॅकबेन यांच्या आयुष्यात प्रवेश केला तो याच वादामुळे. साबणाच्या पाण्यात काही रेणू सुटे आहेत आणि काही पुंजक्यांत आहेत, असा त्यांचा दावा होता. तसे असेल, तर पुरेशी बारीक गाळणी लावली की सुटे रेणू खाली उतरतील आणि पुंजके वर अडकतील. १९२२ मध्ये डब्ल्यू. जे. जेंकिन्स या सहकाऱ्यासमवेत त्यांनी साबणाच्या द्रावणांचे असे अतिसूक्ष्म गाळण करून दाखवले आणि आपल्या मताला बळकटी आणली. एरवी गाळणी ही स्वच्छतेची वस्तू. चहाची असो वा विहिरीच्या पाण्याची, घाण वर राहावी आणि शुद्ध ते खाली यावे, इतकेच तिचे काम. मॅकबेन यांनी तिच्याकडून प्रश्नाचे उत्तर काढून घेतले. द्रवात काय आहे हे ओळखण्याचे साधन म्हणून त्यांनी ती वापरली. रुग्णाचा नमुना गाळून त्यात काय आहे हे शोधणाऱ्या आजच्या निदानतंत्राशी या विचाराचे जवळचे नाते आहे.

सूक्ष्म गाळणीची परंपरा त्यांच्या आधीची आहे. पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलँ यांनी १८८४ मध्ये चिनी मातीची गाळणी केली; तिच्यातून जंतू पार होत नसत. जंतू अडवूनही जे खाली उतरते आणि तरी रोग निर्माण करते, ते काय, हा प्रश्न त्याच गाळणीने उभा केला आणि त्यातून विषाणूंचा शोध लागला. जर्मनीत हाइनरिश बेशहोल्ड यांनी १९०७ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून, म्हणजे कलोडियनपासून, कमीअधिक बारकाईची पटले तयार केली. नोबेल पारितोषिक विजेते रिचर्ड झिग्मोंडी यांनी त्यात सुधारणा केली आणि १९२७ पासून अशी पटले कारखान्यात तयार होऊ लागली. आजच्या चाचणीपट्टीत ज्या पांढऱ्या कागदासारख्या भागावर रेघ उमटते, तो बहुधा याच नायट्रोसेल्युलोजचा असतो.

साबणाच्या अभ्यासकाकडे साबणाच्या कारखानदाराचे लक्ष जाणे साहजिक होते. ‘सनलाइट’ साबणाचे निर्माते विल्यम लिव्हर, म्हणजेच लॉर्ड लिव्हरह्यूम, यांनी दिलेल्या देणगीतून ब्रिस्टल विद्यापीठात भौतिक रसायनाचे अध्यासन स्थापन झाले आणि १९१९ मध्ये मॅकबेन त्याचे पहिले प्राध्यापक झाले. हिंदुस्थानातही हा साबण १८८८ पासून येत होता. या देणगीची एक पुढची कथा आहे. लिव्हर यांच्या कंपनीतून पुढे युनिलिव्हर उभी राहिली आणि तिच्याच एका शाखेने १९८८ मध्ये घरच्या घरी वापरता येईल अशी एका टप्प्यातील गर्भधारणा चाचणीपट्टी बाजारात आणली. पट्टीवर थेंब टाकताच तो आपोआप पुढे सरकतो आणि रेघ उमटवतो, ही पद्धत त्या उत्पादनाने जगभर रूढ केली. साबणाच्या कंपनीने निदानाची पट्टी काढावी, हे वरवर विचित्र दिसते. पृष्ठभाग, ओलावा आणि चिकटणे यांचे शास्त्र दोन्हीकडे लागते, हे लक्षात घेतले की त्यातील विचित्रपणा उरत नाही.

मॅकबेन १९२३ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. काही वर्षांतच ते इंग्लंड सोडून कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या गाळण्या अधिकच बारीक झाल्या. १९२८ मध्ये सॅम्युअल किस्टलर या तरुण संशोधकासमवेत त्यांनी एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता पायरीपायरीने बारीक होत जाणारी, थेट रेणूंच्या चाळणीपर्यंत पोचणारी गाळण-पटले. याच किस्टलर यांनी पुढे ‘एरोजेल’ हा जगातील अत्यंत हलका घनपदार्थ तयार केला. १९३६ मध्ये आर. एफ. स्ट्यूवर यांच्यासह मॅकबेन यांनी आणखी एक पाऊल टाकले. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळतात त्या सेलोफेनच्या कागदाला झिंक क्लोराइडच्या द्रावणात फुगवले, की त्याची छिद्रे मोठी होतात. द्रावण किती तीव्र, यावर छिद्र किती मोठे हे ठरते. म्हणजे एकाच स्वस्त कागदापासून हव्या त्या बारकाईची गाळणी मिळू लागली. सेलोफेनची पटले वैद्यकातही आली. हॉलंडमध्ये विलेम कॉल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, कृत्रिम मूत्रपिंड चालवले ते सेलोफेनच्याच नळीवर.

‘रेणूंची चाळणी’ हा शब्दप्रयोग मॅकबेन यांनी वायूंच्या बाबतीतही वापरला. झिओलाइट या वर्गातील खनिजांत एकसारख्या आकाराची सूक्ष्म दालने असतात. दारातून मावेल एवढाच रेणू आत जातो, मोठा बाहेर राहतो. वायू आणि बाष्पे यांच्या सॉर्प्शनवरील त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही संज्ञा सर्वत्र रुळली. पुढे काही दशकांनी पुण्याच्या एनसीएलमध्ये झिओलाइटवर आधारित उत्प्रेरकांचे मोठे काम झाले. पहिल्या संचालकाने नाव दिलेल्या चाळणीचे हे पुण्यातील उत्तरायुष्य म्हणता येईल.

उपकरणे साधी आणि स्वस्त असावीत, हा मॅकबेन यांच्या कामातला एक ठळक धागा आहे. पदार्थाने किती वायू धरला हे मोजण्यासाठी ए. एम. बकर यांच्यासमवेत त्यांनी १९२६ मध्ये क्वार्ट्‌झच्या बारीक स्प्रिंगचा तराजू केला. स्प्रिंग किती लांबली ते पाहायचे आणि वजन काढायचे. स्वीडनचे स्वेडबर्ग यांनी केलेले अतिवेगवान अपकेंद्री यंत्र अत्यंत महागडे होते. मॅकबेन यांनी १९३५ च्या सुमारास हवेच्या झोतावर भोवऱ्यासारखे फिरणारे छोटे पारदर्शक यंत्र विकसित केले. मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या दोन वाटा आहेत. एक गाळण्याची, दुसरी गरगर फिरवून तळाशी बसवण्याची. दोन्ही वाटांवर त्यांनी काम केले. आजही रक्ततपासणी केंद्रात रक्तातील पेशी वेगळ्या करण्यासाठी अपकेंद्री यंत्रच वापरतात. जिथे वीज नाही, तंत्रज्ञ नाही, थांबायला वेळ नाही, तिथे त्या यंत्राचे काम पट्टीतील गाळणीला करावे लागते.

हे काम किती नाजूक आहे, ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे. बोटाला टोचून निघणारा रक्ताचा थेंब इवलासा. त्याच्या घनफळाचा सुमारे ४० ते ४५ टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापलेला असतो. तांबड्या पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा साधारण सव्वाशेवा ते दीडशेवा भाग. त्या पुढे गेल्या तर पट्टी लाल होते आणि रेघ दिसत नाही. फुटल्या तरी तेच. म्हणून काचतंतूंसारख्या पदार्थाच्या जाडसर थरात त्यांना अडवायचे आणि रक्तद्रव तेवढा पुढे जाऊ द्यायचा. गाळणी फार विरळ असेल तर पेशी निसटतात, फार घट्ट असेल तर तुंबते. थर जाड केला तर तोच अर्धा थेंब पिऊन टाकतो आणि पुढे पोचायला द्रवच उरत नाही.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा, तेच गाळणीच्या तंतूंना चिकटून बसले तर? छिद्रातून ते सहज जाईल इतके लहान असते, तरीही पलीकडे पोचत नाही. पट्टीवर रेघ उमटत नाही आणि आजारी माणसाला निरोगी असल्याचा निर्वाळा मिळतो. १९०९ मध्ये कोळशाच्या बाबतीत मॅकबेन यांनी ज्याला सॉर्प्शन म्हटले, तीच ही शक्ती. गाळणीत ती शत्रू, तर पुढच्या नायट्रोसेल्युलोजवर मित्र. कारण रेघेच्या जागी प्रतिपिंडे धरून ठेवली जातात ती याच चिकटण्याच्या गुणामुळे. म्हणून गाळणी तयार करणाऱ्याला छिद्रांचा आकार ठरवून भागत नाही. तिचे तंतू कशाला चिकटवून घेतात, हेही तपासावे लागते आणि गरजेप्रमाणे तंतूंवर आधीच दुसऱ्या निरुपद्रवी प्रथिनाचा लेप द्यावा लागतो.

साबणाचे कामही तितकेच महत्त्वाचे. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत दडलेला असतो. त्याची प्रथिने बाहेर काढायची, तर पेशी अडवून चालत नाही, ती फोडावी लागते. म्हणून त्या चाचणीच्या द्रावणात साबणाच्या जातीची द्रव्ये असतात. कोरोनाच्या प्रतिजन चाचणीत नाकातील काडी ज्या द्रावणात ढवळतात, त्यातही ती असतात. विषाणूचे स्निग्ध आवरण ती विस्कटतात आणि आतील प्रथिन मोकळे करतात. या द्रव्यांचे रेणू पुंजके करून स्निग्ध पदार्थ पोटात घेतात, ही गोष्ट १९१३ च्या त्या अमान्य झालेल्या सिद्धान्ताशी थेट जोडलेली आहे.

मॅकबेन यांना १९३९ मध्ये रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक मिळाले. १९४७ मध्ये ते स्टॅनफर्डमधून निवृत्त झाले. त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी पुण्यात मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला बसवली गेली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांनी देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारण्याचा ध्यास घेतला होता. भटनागर स्वतः कलिल रसायनाचे अभ्यासक होते. लंडनमध्ये डोनन यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. मॅकबेन यांच्या कामाचे मोल त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुण्याच्या प्रयोगशाळेच्या संचालकपदी मॅकबेन यांची नेमणूक झाली.

३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. भारत प्रजासत्ताक होण्यास तेव्हा तेवीस दिवस अवकाश होता आणि पुणे महानगरपालिका त्यानंतरच्या महिन्यात अस्तित्वात यायची होती. मॅकबेन तेव्हा ६७ वर्षांचे होते. आयुष्यभराच्या अध्ययनाचे सार सांगणारा त्यांचा ‘कलिल विज्ञान’ या विषयावरील ग्रंथही त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मानसन्मान मिळालेले होते, निवृत्तीचे वय उलटले होते. अशा वेळी कॅलिफोर्नियातील स्वास्थ्य सोडून, ज्या देशात यंत्रसामग्रीपासून रसायनांपर्यंत बरेच काही बाहेरून आणावे लागत होते, तिथे येऊन नवी संस्था मांडणे, हा निर्णय सोपा नव्हता. मेरी मॅकबेनही त्यांच्याबरोबर पुण्यास आल्या.

नव्या संस्थेत भौतिक रसायन, सेंद्रिय रसायन, जीवरसायन, प्लास्टिक व बहुवारिके, रासायनिक अभियांत्रिकी असे विभाग एका छताखाली होते. औद्योगिक उपयोगाच्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह एनसीएलमध्ये १९५१ मध्ये, म्हणजे मॅकबेन यांच्याच कारकिर्दीत, सुरू झाला. १९५२ मध्ये त्यांनी पुणे सोडले आणि इंग्लंडहून आलेले प्रा. जी. आय. फिंच यांनी सूत्रे हाती घेतली. योगायोग असा, की त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच पुढे राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून प्रसिद्धीस आले. पदार्थाचे रसायन जाणणारी एक संस्था आणि रोगाचा विषाणू ओळखणारी दुसरी, अशा दोन संस्था या शहराला दोन-तीन वर्षांच्या अंतराने लाभल्या.

या लाभाचे मोल पुण्याला इतिहासाने आधीच शिकवले होते. १८९७ च्या प्लेगमध्ये रोगी ओळखण्याची झटपट रीत कोणापाशी नव्हती. म्हणून सोजीर घराघरांत शिरले, माणसांना उघडे करून काखा आणि जांघा तपासल्या गेल्या आणि त्या संतापातून रँड यांचा वध घडला. निदानाचे साधन नसले की संशयालाच निदानाचे रूप येते आणि त्याची किंमत समाज मोजतो. १२४ वर्षांनंतर, मे २०२१ मध्ये, घरच्या घरी कोरोनाची तपासणी करण्याच्या देशातील पहिल्या चाचणीसंचाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मान्यता दिली. तो संच पुण्याच्याच मायलॅब या कंपनीचा होता. ज्या शहरात तपासणीसाठी दारे ठोठावली गेली, तिथे माणूस दार लावून स्वतःची तपासणी स्वतः करू शकला.

मॅकबेन यांचे सारेच म्हणणे काळाच्या कसोटीवर उतरले असे नाही. मिसेलचा आकार त्यांच्या मते थरांच्या चवडीसारखाही असे. ब्रिटिश शास्त्रज्ञ हार्टली यांनी १९३६ मध्ये तो गोलाकार असल्याचे मत मांडले आणि सौम्य द्रावणांच्या बाबतीत तेच मान्य झाले. मॅकबेन यांनी आपली चवडीची कल्पना सहजासहजी सोडली नाही. ज्या चिकाटीने त्यांना विरोधाच्या काळात तारले, तीच इथे आड आली. परंतु मिसेल आहे की नाही, हा मूळ प्रश्न तोवर संपला होता. वाद उरला होता तो त्याच्या आकाराचा.

पुण्याहून परतल्यावर जेमतेम एका वर्षाने, १२ मार्च १९५३ रोजी, कॅलिफोर्नियात मॅकबेन यांचे निधन झाले. त्यांचा ७१ वा वाढदिवस दहा दिवसांवर होता. मेरी मॅकबेन यांनी एरिक हचिन्सन यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. साबणाचे पुंजके न विरघळणाऱ्या पदार्थांना पाण्यात कसे सामावून घेतात, हाच त्याचा विषय होता.

मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी विचारला जातो. साबणाचे पाणी वीज जास्त का वाहते, हे शोधणाऱ्या माणसाला १९१३ मध्ये कोणी हा प्रश्न विचारला असता, तर त्याच्यापाशी मलेरियाच्या पट्टीचे उत्तर नव्हते. ते उत्तर तयार होण्यास पाऊण शतक लागले आणि तयार झाले तेव्हा ते अनेक देशांतील अनेकांच्या हातांतून गेलेले होते. तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन आई जेव्हा आडगावच्या आरोग्यकेंद्रात जाते आणि पाव तासात तिला योग्य औषध मिळते, तेव्हा त्या उत्तराची किंमत कळते. पट्टीतली गाळणी चुकली तर तीच आई चुकीच्या दिलाशाने घरी परतते. एवढे मोठे अंतर काही मायक्रॉनच्या छिद्रांवर आणि तंतूंच्या चिकटपणावर अवलंबून असते. ते मोजण्याची विद्या ज्यांनी घडवली, त्यांतील एकाने आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या शहरात एक संस्था उभी करून दिली. पाषाण रस्त्यावरून जाताना ही गोष्ट पुणेकरांनी जाणून असावी.